सहलीच्या सकाळी आलेली तार

ओगाकीच्या मापट्यांच्या कारखान्यात हात्सुए मुरासेनं सत्तावीस वर्षं काम केलं. हिनोकीच्या लाकडाची चौकोनी मापटी. पूर्वी त्यांत तांदूळ मोजत, आता लग्नकार्यात त्यांतून साके पितात. त्यांच्या कडा पॉलिश पेपरनं घासून ओठांना बोचणार नाहीत इतक्या गुळगुळीत करायच्या, हे तिचं काम. बोलणं बेताचं आणि रजा त्याहून बेताची. सासरे वारले तेव्हाही ती तिसऱ्या दिवशी कामावर हजर होती. पण नोव्हेंबरातले दोन दिवस मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. मालक कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवायचे आणि म्हणायचे, "आला हात्सुएबाईंचा सण!"

सण म्हणजे सहल. तिघी मैत्रिणींची. हात्सुए, इत्सुको आणि योनेको या तिघी सोळा-सतरा वर्षांच्या असताना गावाबाहेरच्या एका सूतगिरणीत कामाला होत्या आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायच्या. पुढं लग्नं झाली. हात्सुए ओगाकीतच राहिली. इत्सुको हिकोनेच्या एका न्हाव्याच्या घरात पडली आणि बघता बघता स्वतःच वस्तरा चालवायला शिकली. योनेको गिफूला गेली. पोरंबाळं हाताशी आल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, योनेकोनंच पत्रं लिहून तिघींना पुन्हा एकत्र आणलं आणि नियम घालून दिला: दर वर्षी एक देऊळ, एक बाग, एक संग्रहालय.

"देवळात पाय दुखतात, मग बागेत बसायचं. पाऊस आलाच तर संग्रहालय आहेच," असं तिचं शास्त्र होतं.

बावीस वर्षांत त्यांनी इसे पाहिलं, कानाझावा पाहिलं, कुराशिकी, मात्सुए, पार निक्कोपर्यंत जाऊन आल्या. क्योतो मात्र कधी नाही, आणि क्योतो तर ओगाकीहून दीड-दोन तासांवर. नाव निघालं की हात्सुए म्हणायची, "तिथं फार गर्दी."

"अगं, आपण जातो तिथं आपणच गर्दी असतो," योनेको म्हणायची. पण हात्सुए बधायची नाही, आणि एरवी कशालाच नाही न म्हणणाऱ्या बाईचा एवढा एक हट्ट म्हणून बाकीच्या दोघी सोडून द्यायच्या.

सहलीत तिच्या काही सवयी होत्या. गाडीत खिडकीची जागा इत्सुकोची. जिना आला की इत्सुकोची पिशवी हिच्या खांद्यावर. आणि देवळात दोन टाळ्या वाजवून डोळे मिटले की ही उघडायचीच नाही.

"हाच्चान, देवाला दुसरे भक्त आहेत की नाही? मागं रांग लागलीय बघ!" योनेको तिची बाही ओढायची.

"असू दे गं. तिचं तसंच आहे," इत्सुको म्हणायची, आणि मग तोंडपाठ झालेली गोष्ट नव्या उत्साहानं सांगायला लागायची. "माझी आई गेली ना, तेव्हा तार आली त्याच संध्याकाळी ही माझ्याबरोबर निघाली. दोन रात्री, दोन दिवस. बोटीत मला ओकाऱ्या, आणि हिच्या मांडीवर माझं डोकं. सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं हिनं." कधी शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बायांनाही ती हे सांगायची. त्या बाया हात्सुएकडे आदरानं बघायच्या, आणि हात्सुए चहा आणायला म्हणून उठून जायची.

गोष्ट खरीच होती. फक्त तिच्यातले पहिले तेरा-चौदा तास इत्सुकोला ठाऊक नव्हते.

हात्सुए आणि इत्सुको दोघी नागासाकीपलीकडच्या गोतो बेटांवरच्या. मधे एक टेकडी, अलीकडे एकीचं गाव, पलीकडे दुसरीचं. शाळा संपली त्या वसंतात दोघी एकाच बोटीनं निघाल्या आणि एकाच गिरणीत लागल्या. सूत कातायच्या रिंगखात्यात काम. पहाटे पाचची पाळी. तुटला धागा की सांध, तुटला की सांध, असं करत रोज काही मैल चालणं व्हायचं. केसांत, भुवयांत कापूस. दीड वर्षात त्यांनी गिरणीचं फाटक, न्हाणीघर आणि कोपऱ्यावरचं उदोन शेवयांचं दुकान सोडून फारसं काही पाहिलं नाही.

चौसष्ट सालच्या नोव्हेंबरात फळ्यावर कागद लागला. येत्या रविवारी सगळ्या मुलींना गिरणीतर्फे क्योतोची सहल. हेइआन देऊळ, मागची बाग, समोरचं संग्रहालय, दुपारचा डबा. हात्सुए तो कागद रोज वाचायची. तिच्या घरात 'बघायला जाणं' ही गोष्टच नव्हती. जायचं ते कामाला, नाहीतर मयताला. आठवडाभर दुसरीच्या वाटणीचे जिने झाडून तिनं त्या मुलीचं निळं स्वेटर एका दिवसासाठी मागून घेतलं होतं.

रविवारी सकाळी फाटकावरच्या कामाची पाळी तिचीच होती. पहाटेचे सहा वाजले असतील. बसगाड्या रांगेत उभ्या, इंजिनं सुरू, वसतिगृहाच्या बाई आत मुलींची डोकी मोजतायत. तेवढ्यात तारवाला सायकलवरून आला. हात्सुएनं वहीवर शिक्का मारला, कागद घेतला. वर इत्सुकोचं नाव. तारेच्या कागदाला घडीच ती काय, बोटानं उचलली की उघडते.

आई अत्यवस्थ. ताबडतोब ये.

नियम सगळ्यांना माहीत होता. अशा वेळी मुलीला एकटीला धाडत नसत, तिच्या गावाकडची दुसरी बरोबर देत. आणि अख्ख्या गिरणीत त्या बेटांवरच्या दोघीच होत्या.

बसच्या खिडकीतून इत्सुको अर्धी बाहेर आली होती. "हाच्चान! लवकर ये गं, खिडकीची जागा धरलीय तुझ्यासाठी!"

हात्सुएनं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो ब्लाउजच्या आत सरकवला. संध्याकाळी देईन, ती मनाशी म्हणाली. माणसं आठ-आठ दिवस अत्यवस्थ असतात. आपले आजोबा तर महिनाभर होते. एका दिवसानं काय होतंय. मग ती धावत जाऊन बसमध्ये चढली.

तो दिवस फार सुंदर होता, हेच वाईट झालं. देवळाचं शेंदरी फाटक, अंगणभर पांढरी खडी, तीनशे मुलींच्या पायांचा चरचर आवाज. मागच्या बागेत तळं होतं. जुन्या पुलाच्या खांबांच्या गोल शिळा त्यात ओळीनं मांडलेल्या, त्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचं. इत्सुको मधल्या शिळेवर बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिली आणि किंचाळून हसली. छपराच्या लाकडी पुलावरून त्यांनी माशांना पावाचे तुकडे टाकले. मग डबे उघडले. अंड्याची वडी, मासा, गाजर घालून परतलेली मुळं. हात्सुएनं डबा सगळा संपवला. संग्रहालयात जुन्या काळचे रेशमी पोशाख होते. इत्सुको काचेला नाक लावून कुजबुजली, "धागा कुठं तुटलाय ते शोध. कुठंतरी तुटलाच असणार. कुणीतरी आपल्यासारखीनं सांधलाच असणार." पहारेकऱ्यानं दटावलं तशा दोघी तोंड दाबून बाहेर पळाल्या. तेव्हा, त्या पळण्यात आणि हसण्यात, हात्सुएला ब्लाउजमधल्या कागदाचा चक्क विसर पडला. अर्धा-पाऊण तास. पुढं आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त जाळलं ते या पाऊण तासानं.

संध्याकाळी फाटकाशी बस थांबली. ती सगळ्यांत शेवटी उतरली आणि बाईंना म्हणाली, "आत्ता तार आली, इत्सुकोची." कागदावर वेळेचा शिक्का होता. बाईंनी तो पाहिला नाही, इत्सुकोनंही नाही. तिनं फक्त दोन ओळी वाचल्या आणि जागच्या जागी खाली बसली. कागद हात्सुएनं उचलला. दोघी त्याच तासाला निघाल्या.

रात्रभर गाडी, दुसरा दिवस गाडी. नागासाकीला पोचल्या तेव्हा दुपारची बोट सुटून गेली होती. धक्क्यावरच्या खोलीत रात्र काढून मंगळवारी सकाळची बोट धरली. बोटीच्या कठड्यापाशी, इत्सुको ओकत असताना, हात्सुएनं तो कागद समुद्रात टाकला. मंगळवारी दुपारी घर गाठलं. आईच्या तोंडावर पांढरं फडकं होतं. सोमवारी रात्री गेली होती.

रविवारी सकाळी निघाल्या असत्या तर सोमवारची सकाळची बोट मिळाली असती. हा प्रवास हात्सुएनं मनात पुढं किती वेळा केला असेल, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी त्या वेळेत पोचायच्या.

इत्सुकोच्या वडिलांनी तातामीच्या चटईवर दोन्ही हात टेकून, कपाळ हातांना लावून त्या सोळा वर्षांच्या पोरीला नमस्कार केला. "पोरी, तुझे उपकार. एवढ्या लांब माझ्या लेकीला सांभाळून आणलंस." हात्सुएनं खाली बघून मान हलवली. ती मान एकदा हलली ती हललीच.

सांगायचं तिनं तीनदा ठरवलं. एकदा वर्षश्राद्धाच्या वेळी, एकदा इत्सुकोच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, एकदा स्वतःचा मुलगा झाला तेव्हा. दर वेळी इत्सुकोच बोलून जायची, "तू होतीस म्हणून गं," आणि सांगायचं राहून जायचं.

दोन हजार बारा साली दोघी चौसष्ट वर्षांच्या झाल्या. इत्सुकोचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी रुमि लग्न करून साप्पोरोला. उन्हाळ्यात इत्सुकोला दम लागायला लागला. हृदयाची झडप बदलावी लागेल, डिसेंबरात शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी सांगितलं. सप्टेंबरात तिचा फोन आला.

"या वर्षी क्योतो," ती म्हणाली.

"तिथं फार..."

"गर्दी असते, माहितीये. असू दे. हाच्चान, आई जिवंत असताना मी शेवटचं हसले ते त्या बागेत. ते कापाकापीच्या आधी एकदा बघून घेते. पुढचं कुणी सांगावं?"

 हात्सुए म्हणाली, "बरं."

त्या गेल्या तो दिवस मळभाचा होता. आधी समोरचं संग्रहालय, मग देऊळ, मग बाग, असा योनेकोचा बेत होता, पण इत्सुको म्हणाली, "मला आधी बाग. दम संपायच्या आत." तिकिटं काढून आत गेल्या. झाडं वाढली होती, शिळा तिथंच होत्या. इत्सुको त्यांच्याकडे बघून म्हणाली, "या केवढ्या लांब लांब वाटायच्या गं! आता बघ, पावलागणिक एक. आणि तरी माझी हिंमत नाही."

"जाऊ नकोसच," योनेको म्हणाली. "पडलीस तर तो झडपवाला डॉक्टर मला धरेल. बसा दोघी इथं. मी प्रसाधनगृह शोधून येते. या वयात आधी त्याचा नकाशा पाठ करावा, मग देवाचा." आणि ती गेली.

दोघी बाकावर बसल्या. इत्सुकोनं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर साप्पोरोचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

"हा ठेव. मला काही झालं तर रुमिला तू कळव. दवाखान्यातले लोक सावकाश सांगतात आणि योनेको रडतच बसेल. तू लगेच सांगशील. तू तशी आहेस."

हात्सुएनं हात पुढं केला नाही.

"धर की."

"मला नाही धरता येणार, इच्चान."

"का गं? नंबरच आहे. धोंडा नाही."

"तुझी तार संध्याकाळी नाही आली," हात्सुए म्हणाली. "सकाळी आली होती. सहा वाजता. फाटकावर मीच होते."

इत्सुकोला आधी कळलंच नाही. ती हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहिली. मग तिचं हसू जागच्या जागी वाळत गेलं. तिनं विचारलं, "वाचलीस?"

"वाचली."

"मग?"

"तुझ्याबरोबर मला धाडलं असतं. मला सहल हवी होती."

"कुठं ठेवलीस?"

"इथं. ब्लाउजमध्ये."

"म्हणजे आपण इथं आलो, या बागेत, तेव्हा ती तुझ्यापाशी होती?"

"होती."

"मी त्या दगडावर उभी होते तेव्हा?"

"तेव्हाही."

तळ्यावर एक पान आलं, फिरलं आणि थांबलं. पलीकडून एक शाळकरी वर्ग रांगेनं गेला, बाईंचा 'सावकाश, सावकाश' असा आवाज आला. इत्सुको अगदी साध्या स्वरात, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं म्हणाली, "त्या दिवशी डबा खाल्लास तू?"

खोटं बोलायची अखेरची जागा ती हीच होती. हात्सुए म्हणाली, "खाल्ला. सगळा."

इत्सुकोनं मान डोलावली. हातातल्या कागदाची तिनं घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुला एक सांगते. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. मावशी म्हणाली होती, सोमवारी दुपारी आई शुद्धीवर होती. बोटीचा भोंगा ऐकला आणि म्हणाली, आली बघ. म्हणून मावशी टेकडीवर जाऊन बघून आली. मग आई म्हणाली, पुढच्या बोटीनं असेल." ती थांबली. "इतकी वर्षं मी म्हणायचे, रांडेचा समुद्रच लांबरुंद, कुणाला बोल लावणार. आणि ती बोट आपली होती होय?"

"आपलीच," हात्सुए म्हणाली. क्षमा माग, क्षमा माग, असं मन ओरडत होतं. पण तो शब्द त्या बाकावर इतका लहान वाटला की तिला तो उच्चारवेना. ती उठली, बाकासमोर खडीवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"ऊठ," इत्सुको म्हणाली. "लोक बघतात. ऊठ म्हणते ना! मला वाकवत नाही, मी काही तुला उचलणार नाही."

योनेको परत आली तेव्हा एकजण बाकावर होती आणि दुसरी दहा पावलांवर, गुडघ्यांवरची खडी झटकत. "काय झालं? पडलीस का गं? मी सांगत होते!"  देवळाच्या पायऱ्या इत्सुको एकटी चढली, दोन पायऱ्यांमागे थांबत, दम खात. हात्सुए खाली अंगणातच राहिली. इत्सुकोची पिशवी धरायला तिचा हात आपोआप उठला होता, तो तिनं खाली घेतला. संग्रहालय राहिलंच. परतीच्या गाडीत योनेको दोघींच्या मधे बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा हिकोनेपर्यंत एक शब्द बोलली नाही. इत्सुको उतरली. वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर हात्सुएनं नवऱ्याला सगळं सांगितलं. कोओझो हा अबोल माणूस. मापटीच्या कोपऱ्यांचे सांधे बसवण्यात हयात गेलेली. त्यानं ऐकून घेतलं.

"अहो, काहीतरी बोला."

"काय बोलू? चाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपतेस आणि मला आज कळतंय." थोड्या वेळानं तो उठला. "पाणी तापलंय. आधी तू आंघोळ कर." त्या घरात रोज पहिली आंघोळ त्याची असायची.

तीन आठवडे गेले. पत्र नाही, फोन नाही. योनेकोनं मात्र रोज फोन केला. "काय केलंत तुम्ही दोघींनी? तीही सांगत नाही, तूही सांगत नाहीस. मी काय परकी?" हात्सुएनं तिलाही सांगितलं. योनेको म्हणाली, "मला तुझा राग आलाय. उद्या फोन करते." आणि दुसऱ्या दिवशी तिनं खरंच केला.

डिसेंबरात, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, अनोळखी नंबरावरून फोन आला. साप्पोरोहून रुमि बोलत होती.

"हात्सुएमावशी, इकडे हिमवादळ आहे, विमानं बंद. मी वेळेत पोचत नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली तुम्हाला कळव." रुमि अडखळली. "तिचा निरोप जसाच्या तसा सांगते हं. म्हणाली, तिला म्हणावं सकाळी सहाला ये. बाहेर बस. माझं होईस्तोवर उठायचं नाही. आणि आत यायचं नाही. मावशी, तुमचं काही भांडण झालंय का?"

"भांडण नाही," हात्सुए म्हणाली. "मी येते म्हणून सांग."

ती पहिल्या गाडीनं गेली. सेकिगाहाराच्या खिंडीत बर्फ पडत होतं. सहाला ती दवाखान्याच्या मजल्यावर बाकावर बसली. साडेआठला खाट ढकलत नेली. इत्सुकोच्या डोक्यावर निळी टोपी होती, चष्मा नव्हता. डोळे बारीक करून तिनं बाकाकडे बघितलं. कोण आहे ते दिसलं की नाही, कळलं नाही. दार बंद झालं.

हात्सुए उठली नाही. परिचारिकेनं चहा विचारला, तिनं नको म्हटलं. डबा तिनं आणलाच नव्हता. मांडीवर हात ठेवून ती दाराकडे बघत राहिली, दुपार झाली, दिवे लागले. पाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले.

"नातेवाईक आपणच का?"

"नाही. मला बसायला सांगितलंय."

डॉक्टर जरा गोंधळले. मग म्हणाले, "झडप नीट बसली. उद्या शुद्धीवर येतील."

भिंतीवरच्या हिरव्या फोनवर तिनं साप्पोरोचा नंबर फिरवला. तो तिनं आदल्या दिवशीच पाठ केला होता. "रुमि, झालं. नीट झालं. आत्ता, या मिनिटाला डॉक्टर सांगून गेले." पलीकडे रुमि रडायला लागली. हात्सुएनं तिचं रडणं पूर्ण ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि आत न जाता घरी आली.

वर्ष तसंच सरलं. इत्सुको बरी झाली, दुकान विकलं, योनेकोबरोबर एकदा चिनीमातीच्या भांड्यांच्या गावालाही जाऊन आली. हात्सुएला बोलावणं नव्हतं. तिनं ते मानून घेतलं. ऑक्टोबरात कार्ड आलं. इत्सुकोच्या ठसठशीत अक्षरात चारच ओळी: गेली ते साल धरून आईचं पन्नासावं श्राद्ध आहे. हे शेवटचं. तू ये. बोटीत मला अजून लागते, औषध घेऊन ये.

नागासाकीच्या धक्क्यावर त्या भेटल्या. बोटीत फारसं बोलणं झालं नाही. इत्सुकोचा धाकटा भाऊ आता सत्तावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, त्यानं ट्रकमधून दोघींना घरी नेलं. भटजींनी सूत्रं म्हटली, लोक जेवले, उडणाऱ्या माशाच्या रश्शातलं उदोन सगळ्यांनी भुरके मारत खाल्लं. दुपारी इत्सुको म्हणाली, "चल, वर जाऊ."

कबर टेकडीच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून. भोवती कामेलियाची झाडं. इत्सुकोनं उदबत्त्या लावल्या आणि पाण्याची बादली उचलली. ती रिकामी होती.

"आजपासून आईचं वेगळं श्राद्ध नाही. ती सगळ्या पूर्वजांत मिसळायची. मग एकटीला गाठून काही सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "मी तिला नाही सांगितलं. ते काम तुझं. मी पाणी घेऊन येते."

"मी आणते पाणी, तुला दम..."

"नवी झडप आहे माझी. तू बस."

ती गेली. हात्सुए कबरीसमोर बसली आणि मोठ्यानं बोलली. सहा वाजले होते इथून सुरुवात केली. निळं स्वेटर, खिडकीची जागा, शिळा, मासे, डबा, काचेआडचं रेशीम, तो पाऊण तास, समुद्रात टाकलेला कागद. वडिलांनी टेकलेलं कपाळ. काही सोडलं नाही. बोलता बोलता तिला जाणवलं की मागं बादली टेकल्याचा आवाज केव्हाच झाला होता. ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्ही वाट बघत होता आणि मी मजेत होते. मला क्षमा करा."

इत्सुको पुढं आली. पळीनं कबरीच्या माथ्यावर पाणी घातलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग पळी हात्सुएच्या हातात दिली.

"आईचं काय ते आईकडे," ती म्हणाली. "माझं म्हणशील तर, मी माफ केलं असं नाही म्हणणार. म्हटलं तर खोटं होईल, आणि खोटं आपल्यात पुष्कळ झालं. राग अजून येतो. कधी सकाळी उठल्या उठल्या येतो."

"येऊ दे."

"आणि तू नसलीस की कुणाला सांगावं ते कळत नाही, हीपण एक पंचाईत. योनेको ऐकत नाही, नुसती बोलते."

हात्सुएनं पाणी घातलं. खालून भावाची हाक आली, बोटीची वेळ झाली होती.

परतीच्या बोटीत इत्सुको आडवी झाली नाही. कठड्याला टेकून बसली. तिची आई कशी गेली ही गोष्ट तिनं हजारदा सांगितली असेल, पण आई कशी होती हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता ती सांगायला लागली. आई पत्त्यांत लबाडी करायची. वाळत घातलेल्या माकुळ माशांवर घारी आल्या की त्यांना नावं घेऊन शिव्या द्यायची, प्रत्येक घारीला वेगळं नाव. तिला पोहता येत नव्हतं, बेटावरची असून, आणि ते तिनं नवऱ्यापासून लपवलं होतं. हात्सुए ऐकत होती, मधून विचारत होती, मग काय झालं, मग ती काय म्हणाली? बेट मागं बारीक होत गेलं. घारींची नावं काय होती ते आठवायला इत्सुकोला बराच वेळ लागला. तीन आठवली. चौथी काही केल्या आठवेना.